रांगेचा न्याय

मालाचा तुटवडा पडला म्हणजे रांग लागते. १९४३ साली मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले, तेव्हा दुकानापुढे पिशवी घेऊन तिष्ठत उभे राहण्याचा अनुभव तेथील मध्यमवर्गीय घरांनी घेतला, आणि जो आधी आला त्याचा हक्क आधी, हा त्या रांगेचा नियम पुढे पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडला. परंतु प्रत्येक रांग याच नियमाने चालते असे नाही. गावात आग लागली असता पाण्याचा बंब ज्याचे घर पेटले आहे त्याच्याकडे प्रथम धावतो. शेजाऱ्याने आधी हाक मारली म्हणून तो शेजाऱ्याकडे वळत नाही. साथीच्या दिवसांतील लसीची रांग ही या दुसऱ्या जातीची असते. तीत क्रम लागतो तो धोक्याच्या मानाने. ज्याला रोग झाला असता प्राण जाण्याचा संभव अधिक, आणि ज्याच्यापर्यंत वैद्याची मदत पोचण्यास विलंब अधिक, त्याचा दंड प्रथम पुढे यावा, असे हे सरळ गणित आहे.

हे गणित मोडल्याची एक घटना जानेवारी २०२१ मध्ये कॅनडा देशाच्या वायव्य टोकाला घडली. युकॉन प्रदेशात, अलास्काच्या सरहद्दीनजीक, बीव्हर क्रीक नावाचे सुमारे शंभर वस्तीचे एक खेडे आहे. व्हाइट रिव्हर फर्स्ट नेशन या आद्य रहिवाशांच्या समाजाचे ते मुख्य ठिकाण. करोनाची लस तेथे नुकतीच पोचली होती. दूरच्या व्हँकूवर शहरातील एक सधन जोडपे खास विमान भाड्याने करून त्या खेड्यात उतरले, आपण येथल्या मोटेलात नोकरीस आहो अशी बतावणी त्यांनी केली, आणि गावकऱ्यांच्या रांगेत उभे राहून लस टोचून घेतली. घटना लहान, आणि तिच्याबद्दल झालेला दंड त्याहूनही लहान. तथापि जगभरच्या वृत्तपत्रांनी तिची दखल घेतली, आणि त्या खेड्यातील लोकांना ती जिव्हारी लागली. इतकी ती का लागावी, हे समजण्यास सुमारे दोनशे वर्षे मागे जावे लागते. कारण उत्तर अमेरिकेतील आद्य रहिवाशांच्या बाबतीत लसीची रांग कोठे सुरू व्हावी व कोठे संपावी, हे दरवेळी दुसऱ्याच कोणीतरी ठरविले होते.

एडवर्ड जेन्नर याने देवीच्या रोगावर गोस्तनाच्या देवीची लस टोचण्याचा पहिला प्रयोग इंग्लंडात १७९६ साली केला. ती लस हातोहात, म्हणजे एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी, व्हिएन्ना, बगदाद, बसरा या मार्गाने १८०२ साली मुंबईस येऊन पोचली, व त्या वर्षीच्या जून महिन्यात मुंबईतील एका तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. हिंदुस्थानातील तो पहिला प्रसंग. म्हणजे शोध लागल्यापासून सुमारे सहा वर्षांत, आगगाडी व आगबोट यांचे युग उजाडण्यापूर्वीच, ही नाजूक वस्तू अर्धे जग ओलांडून आली. ज्या ठिकाणी व्यापाराचा व राज्यसत्तेचा जीव गुंतलेला होता, त्या ठिकाणी पोचण्यास लसीला अंतर आड आले नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढील हकीकत पाहावी.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या काँग्रेसने मे १८३२ मध्ये आद्य रहिवाशांना देवीची लस टोचण्यासाठी एक कायदा संमत केला व त्याकरिता १२,००० डॉलर मंजूर केले. वरवर पाहता कायदा मोठा परोपकारी होता. त्याची अंमलबजावणी मात्र युद्धखात्याकडे होती, आणि त्या खात्याचे मंत्री लुइस कॅस यांनी असा हुकूम सोडला, की मिसूरी नदीच्या वरच्या अंगास मांडन लोकांच्या पलीकडे वैद्य कोणत्याही परिस्थितीत पाठवू नये, आणि शक्य तो अरिकारा लोकांच्याही पुढे जाऊ नये. रांगेचा शेवट अशा रीतीने राजधानीतील एका मेजावर निश्चित झाला. मांडन हे नदीकाठी मातीची गोल घरे बांधून राहणारे, मका पिकविणारे, व्यापारात मुरलेले लोक. ते त्या रेषेच्या बाहेर पडले.

पुढे पाच वर्षांनी, १८३७ च्या उन्हाळ्यात, अमेरिकन फर कंपनीची 'सेंट पीटर्स' नावाची आगबोट माल घेऊन मिसूरी नदीने वर आली. तिच्यावर देवीचे रोगी होते. साथ मांडन लोकांच्या गावांत शिरली. त्यांची लोकसंख्या तत्पूर्वी दीड-दोन हजारांच्या घरात होती. साथ ओसरली तेव्हा सव्वाशे-दीडशे माणसे काय ती शिल्लक राहिली. लस उपलब्ध होती, पैसा मंजूर होता, कायदा पुस्तकात होता. नव्हता तो फक्त त्या रांगेत मांडन लोकांचा क्रमांक.

याच साथीची दुसरी बाजू उत्तरेस, आजच्या कॅनडाच्या हद्दीत दिसते. फोर्ट पेली नावाच्या ठाण्यावर हडसन्स बे कंपनीचा विल्यम टॉड नावाचा वैद्य व व्यापारी होता. रोगाची कुणकुण लागताच त्याने १८३७ च्या शरदात आसपासच्या लोकांना लस टोचण्यास आरंभ केला, त्यांच्यातील काहींना टोचण्याची विद्या शिकविली, आणि इतर ठाण्यांनाही लस रवाना केली. त्यामुळे त्या टापूत पुष्कळांचे प्राण वाचले. यात निव्वळ भूतदया होती असे म्हणण्याचे कारण नाही. आद्य रहिवासी मेले तर लोकरी कातडी कोण आणून देणार, हा हिशेब कंपनीपुढे होताच. परंतु एकाच वर्षी, एकाच रोगात, सारख्याच दुर्गम मुलखात एकीकडे समाज नामशेष होण्याच्या बेतास येतो व दुसरीकडे तो तगतो, यावरून एवढे निःसंशय सिद्ध होते, की अंतर हे कारण नव्हे. अंतर ही सबब होती. कारण होते ते निर्णयाचे.

१८६२ साली प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर याच गोष्टीची पुनरावृत्ती झाली. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोहून 'ब्रदर जोनाथन' ही बोट व्हँकूवर बेटावरील व्हिक्टोरिया या ब्रिटिश वसाहतीच्या गावी आली, व तिच्याबरोबर देवी आली. गावाभोवती उत्तरेकडील किनाऱ्यावरून मजुरीसाठी व व्यापारासाठी आलेल्या हैदा, त्सिम्शियन वगैरे लोकांच्या वस्त्या होत्या. जवळच राहणाऱ्या साँगहीज लोकांपैकी पुष्कळांना डॉक्टर जॉन हेल्मकेन यांनी लस टोचली, शिवाय ते लोक वेळीच एका बेटावर जाऊन अलग राहिले, आणि त्यामुळे बऱ्याच अंशी बचावले. उत्तरेच्या लोकांच्या वाट्याला निराळाच उपाय आला. त्यांच्या झोपड्या जाळण्यात आल्या, आणि लढाऊ नौकांच्या पहाऱ्यात त्यांच्या होड्या उत्तरेकडे हाकलण्यात आल्या. त्या होड्या ज्या ज्या गावी लागल्या त्या त्या गावी रोग उतरला, व किनाऱ्यावरील हजारो माणसे मृत्युमुखी पडली. साथीत रोग्याला अलग ठेवावे हे शास्त्र त्या काळीही ठाऊक होते. नेमके त्याच्या उलट वागण्यात आले, कारण ज्यांना हाकलले ते कोणाच्याच यादीत नव्हते.

दूरत्व हे संरक्षण आहे असा एक समज नेहमी आढळतो. शहरापासून लांब राहणाऱ्याला शहरी रोगांची काय बाधा, असे सहज वाटते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने हा समज खोटा पाडला. त्या वर्षी मुंबई बंदरात जी साथ उतरली, तीच काही महिन्यांनी लॅब्राडोरच्या बर्फाळ किनाऱ्यावरील ओकाक या इनुइट वस्तीस पोचली. मोरेव्हियन मिशनची 'हार्मनी' ही बोट दरवर्षी तेथे धान्य व टपाल घेऊन जात असे. त्या वर्षी तिने रोगही नेला. ओकाकच्या २६३ रहिवाशांपैकी २०४ मरण पावले. वाचलेल्यांनी गाव सोडले आणि ते कायमचे ओस पडले. इन्फ्लुएन्झावर लस तेव्हा नव्हतीच, म्हणून क्रम चुकला असे येथे म्हणता येत नाही. परंतु दुर्गम वस्तीचे खरे स्वरूप या घटनेने उघडे केले. रोग येण्यास एक बोट पुरते. मदत येण्यास मात्र ऋतू पालटावा लागतो. अन्नासाठी शिकारीवर निघणारा घरातील एकूण एक कर्ता पुरुष एकाच वेळी आजारी पडला, म्हणजे चूल पेटविण्यासही कोणी उरत नाही. मुंबईसारख्या शहरात साथ माणसे मारते. अशा वस्तीत ती गावच मारते.

याच्या उलट, मनुष्याने ठरविले तर काय करता येते याचे उदाहरण १९२५ च्या हिवाळ्यात अलास्कातील नोम या गावी दिसले. तेथे घटसर्पाची साथ उद्भवली. बंदर गोठलेले, आगगाडी शेकडो मैल दूर. तेव्हा नेनाना स्थानकापासून ६७४ मैलांचा बर्फाळ रस्ता वीस गाडीवानांनी व सुमारे दीडशे कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने साडेपाच दिवसांत तोडला, व घटसर्पावरील प्रतिविषाच्या कुप्या नोमला पोचविल्या. या गाडीवानांत आद्य रहिवासी पुष्कळ होते. बाल्टो व टोगो या दोन कुत्र्यांची नावे तेव्हापासून अजरामर झाली, आणि बाल्टोचा पुतळा त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या उद्यानात उभा राहिला. नोमच्या शहरवस्तीतील मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले. शहराबाहेरच्या मूळ रहिवाशांच्या तळांवर किती मुले दगावली याची पुरी नोंद मात्र कोणी केली नाही. पराक्रमाची मोजणी झाली, मृतांची अर्धवटच राहिली.

आद्य रहिवाशांचा क्रम कधीच पहिला लागला नाही असेही नाही. १९३३ पासून कॅनडाच्या सॅस्कॅचवान प्रांतात फोर्ट कपेल येथे त्यांच्या तान्ह्या मुलांवर क्षयाच्या बीसीजी लसीची चाचणी घेण्यात आली. लस गुणकारी ठरली. टोचलेल्या मुलांत क्षयाचे प्रमाण पुष्कळ कमी आढळले. परंतु टोचलेल्या आणि न टोचलेल्या दोन्ही गटांतील मुले हगवण, न्यूमोनिया अशा रोगांनी मोठ्या संख्येने मरत राहिली, कारण पुरेसे अन्न, शुद्ध पाणी आणि राहण्याजोगे घर यांची लस कोणी टोचली नव्हती. जेथे प्रयोग करावयाचा तेथे प्रथम स्थान आणि जेथे लाभ द्यावयाचा तेथे अखेरचे, असा अनुभव ज्या समाजाच्या गाठी बांधला गेला, त्याने पुढे सरकारी सुईकडे साशंक दृष्टीने पाहिले तर तो दोष त्याच्या अज्ञानाचा म्हणता येणार नाही.

आता बीव्हर क्रीककडे यावे. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, आणि अलास्का धोक्यात आहे असे पाहून अमेरिकन सैन्याने १९४२ साली कॅनडातून अलास्कापर्यंत सडक बांधावयास घेतली. दहा हजारांहून अधिक सैनिक, त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश कृष्णवर्णीय, अवघ्या आठ महिन्यांत अरण्ये व दलदली तोडीत पुढे सरकले. दक्षिणेकडून व उत्तरेकडून येणाऱ्या तुकड्यांची अखेरची गाठ ऑक्टोबर १९४२ मध्ये पडली ती बीव्हर क्रीकच्याच परिसरात. युद्धाच्या इतिहासात हे कर्तृत्व म्हणून नोंदले गेले, आणि ते कर्तृत्व होतेच. परंतु त्या सडकेने जे आणले त्यात रोगही होते. जॉन मारचंड या अमेरिकन डॉक्टराने सडकेवरील टेस्लिन या आद्य रहिवाशांच्या गावची हकीकत १९४३ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. गोवर, कावीळ, डांग्या खोकला, गालगुंड, आमांश, मेंदूज्वर अशा साथी एकामागून एक, एका वर्षाच्या आतबाहेर, त्या चिमुकल्या वस्तीवर कोसळल्या होत्या. सैनिकांना लशी टोचल्या जात होत्या, त्यांच्यासाठी डॉक्टर व तंबूतील इस्पितळे होती. ज्यांच्या जमिनीतून सडक गेली त्यांच्यासाठी अशी व्यवस्था आगाऊ करावी, हे कोणाच्या आराखड्यात नव्हते.

यानंतर पुष्कळ काही सुधारले. दवाखाने निघाले, परिचारिका आल्या. तथापि जुनी सवय सहजासहजी सुटली नाही. २००९ साली स्वाइन इन्फ्लुएन्झाची साथ आली तेव्हा मॅनिटोबा प्रांताच्या उत्तर भागातील आद्य रहिवाशांच्या वस्त्यांना तिचा फटका फार जोराचा बसला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात वासागामॅक वगैरे ठिकाणी औषधपाण्याच्या पेट्या उघडल्या गेल्या, तर त्यांत प्रेते गुंडाळण्याच्या पिशव्या निघाल्या. सरकारी आरोग्य खात्याने पुढे दिलगिरी प्रकट केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात, लशीच्या तुटवड्यामुळे कॅल्गरी शहरातील सार्वजनिक केंद्रांवर लोक तासन्‌तास ताटकळत असता, एका व्यावसायिक हॉकी संघाच्या खेळाडूंना व त्यांच्या कुटुंबियांना निराळ्या जागी, रांगेवाचून लस टोचण्यात आल्याचे उघडकीस आले. या प्रकरणी आरोग्य संस्थेतील दोन नोकरांना कामावरून दूर करण्यात आले. एका वर्षातील या दोन चित्रांत एकाच देशाच्या रांगेची दोन टोके दिसतात.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेता, डिसेंबर २०२० मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय लसीकरण सल्लागार समितीने करोना-लसीचा जो प्राधान्यक्रम जाहीर केला त्याचे महत्त्व कळून येते. प्रारंभी लस अत्यंत थोडी मिळणार होती. ती प्रथम कोणाला द्यावी, याच्या यादीत वृद्धाश्रमांतील रहिवासी व सेवक, सत्तरीपुढील वृद्ध, रोग्यांच्या निकट काम करणारे डॉक्टर व परिचारिका यांच्या बरोबरीने, जेथे रोगाचे परिणाम विशेष घातक होतील अशा आद्य रहिवाशांच्या वस्त्यांतील प्रौढांचाही समावेश करण्यात आला. उत्तरेकडील तीन प्रदेशांना तर पहिल्या तीन महिन्यांतच तीन-चतुर्थांश प्रौढांना पुरेल इतकी लस देण्याचे ठरले. पावणेदोन शतकांहून अधिक काळ रांगेच्या शेवटी, किंवा रांगेबाहेरच, उभा असलेला समाज लेखी स्वरूपात पुढे आला.

हा उपकार नव्हता, आणि जुन्या अन्यायाची भरपाई म्हणून दिलेले बक्षीसही नव्हते. बीव्हर क्रीकमध्ये परिचारिकांचे एक लहान आरोग्य केंद्र आहे, इस्पितळ नाही. प्रदेशाचे मुख्य इस्पितळ व्हाइटहॉर्स येथे, सडकेने सुमारे ४५० किलोमीटर दूर. जानेवारीत त्या सडकेवर हाडे गोठविणारी थंडी असते. श्वास कोंडलेल्या रोग्याला इतक्या अंतरावर नेणे म्हणजे दैवाशी पैज लावणे होय. शिवाय अपर तनाना, नॉर्दर्न टचोनी अशा ज्या भाषा त्या समाजाच्या, त्या अस्खलित बोलणारी माणसे बहुतेक वयोवृद्ध. त्यांच्यापैकी दोन-चार गेली तर ग्रंथालयाला आग लागावी तशी हानी, व ती पुन्हा भरून न येणारी.

युकॉन सरकारने लसीकरणासाठी दोन फिरती पथके तयार केली, आणि त्यांना नावे दिली बाल्टो व टोगो. उणे वीस अंश उष्णतामानात जपावी लागणारी मॉडर्ना कंपनीची लस घेऊन ही पथके जानेवारी २०२१ मध्ये खेडोपाडी निघाली. गावात जाऊन तेथील सर्व प्रौढांना एकाच फेरीत टोचावे, मग ते आद्य रहिवासी असोत वा इतर, अशी योजना होती. कारण शंभर वस्तीच्या गावात दहा-दहा माणसांसाठी पथकाने पुन्हा पुन्हा येणे शक्य नव्हते. म्हणजे प्राधान्य मिळाले ते वंशाला नव्हे, तर परिस्थितीला. सडकेवरच्या मोटेलात हंगामी कामावर आलेला परगावचा नोकर देखील या व्यवस्थेत गावकरीच मानला गेला. पथकाने माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला. लहान गावचा व्यवहार शब्दावरच चालत असतो.

याच विश्वासाचा त्या जोडप्याने उपयोग करून घेतला. दोघांपैकी पुरुष जुगारगृहे चालविणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा प्रमुख होता. १९ जानेवारीस ती दोघे व्हाइटहॉर्सला उतरली. बाहेरून येणाऱ्याने चौदा दिवस अलग राहावे असा तेथे आणीबाणीचा नियम होता. तो धाब्यावर बसवून दोनच दिवसांनी ती विमानाने बीव्हर क्रीकला गेली, आणि जेथे गावातील वृद्ध स्त्रीपुरुष आपला दंड उघडा करून बसले होते त्या खोलीत जाऊन बसली. लस झाल्यावर त्यांनी विमानतळावर जाण्यासाठी वाहनाची चौकशी केली, तेव्हा गावकऱ्यांना संशय आला. मोटेलात विचारता असे कोणी नोकरीस नाहीत असे कळले. दोघांनाही व्हाइटहॉर्सच्या विमानतळावर गाठून त्यांच्यावर खटले भरण्यात आले. त्या गृहस्थाने लवकरच आपल्या पदाचा राजीनामा दिला. व्हाइट रिव्हर फर्स्ट नेशनच्या प्रमुख अँजेला डेमिट यांनी जाहीरपणे तीव्र निषेध केला, आणि केवळ दंडावर हे प्रकरण मिटू नये अशी त्या समाजाची मागणी होती. जून २०२१ मध्ये दोघांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. प्रत्येकी १,१५० डॉलर दंड झाला. २०१९ साली त्या गृहस्थाची प्राप्ती एक कोटी डॉलरांहून अधिक होती. त्या मानाने पाहता, झोपेचे तासही हिशेबात धरले तरी, हा दंड म्हणजे त्याची सुमारे एका तासाची कमाई भरते.

या जोडप्याच्या बाजूने जे म्हणता येईल तेही पाहिले पाहिजे. लसीचे दोनच डोस गेले, त्यामुळे गावातील कोणी उपाशी राहिले नाही, कोणी मेले नाही. मग एवढा गहजब कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर असे, की अनर्थ टळला तो दैवयोगाने, त्यांच्या दक्षतेने नव्हे. १८३७ ची आगबोट, १९१८ ची बोट, १९४२ ची सडक, या सर्वांत रोग आणण्याचा हेतू कोणाचाच नव्हता. आपला कार्यभाग साधताना वाटेतील माणसे हिशेबात न धरणे, एवढेच त्या सर्वांत समान होते. बीव्हर क्रीकच्या खोलीत बसलेल्या वृद्धांना ही परंपरा पुस्तकांतून शिकावी लागत नाही. आपल्या आईबापांच्या तोंडून त्यांनी ती ऐकलेली असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. टोरांटो किंवा व्हँकूवर येथील पंच्याहत्तर वर्षांचा निवृत्त शिक्षक त्या जानेवारीत लसीची वाट पाहत घरी बसला होता, आणि बीव्हर क्रीकमधील पंचविशीच्या तरुणाला ती मिळत होती. हा न्याय कसा? ही किंमत खरी होती, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. कोणताही प्राधान्यक्रम कोणाला तरी थांबावयास लावतोच. परंतु त्या शिक्षकाच्या घरापासून इस्पितळ काही मिनिटांवर आहे. त्या तरुणाच्या घरात आजी आहे, आणि गावात रोग शिरला तर तो त्याच्याच पायांनी शिरेल. शिवाय तो शिक्षक थांबला. नियम कळून, धोका पत्करून, लक्षावधी माणसे अशी थांबली, म्हणूनच ती व्यवस्था उभी राहिली. जोडप्याने फसविले ते गावकऱ्यांना, हे तर खरेच. पण त्यांनी या थांबलेल्या माणसांनाही फसविले. त्यांचा त्याग गावासाठी होता, कंपनीच्या प्रमुखासाठी नव्हता.

श्रीमंताने रांग मोडणे ही काही नवी गोष्ट नाही, आणि ती कॅनडापुरतीही नाही. या प्रकरणाचे वैशिष्ट्य असे, की येथे रांग पैशाने मोडली नाही. लस विकत मिळतच नव्हती. ती मोडली गेली एका सोंगाने. ज्यांना मोटेलात झाडलोट करणाऱ्याचे जिणे कधी जगावे लागणार नाही, त्यांनी त्याचा वेष घेतला, कारण त्या एका क्षणी त्या गरीब नोकराचा क्रम त्यांच्या क्रमापुढे होता. दुर्बलाला मिळालेली एवढीशी सवलत हाती येताच बलवानाने दुर्बलाचे नाव धारण करावे, हा प्रकार आपल्या समाजातही अगदीच अपरिचित नाही.

या घटनेनंतर युकॉनच्या अधिकाऱ्यांनी लस घेणाऱ्याच्या वास्तव्याची तपासणी कडक केली. ते आवश्यकच होते. परंतु त्याचा भार कोणावर पडला हे पाहण्यासारखे आहे. ज्या गावात सर्व जण एकमेकांना नावानिशी ओळखतात, त्या गावातील माणसाला आपण येथलेच आहो हे सिद्ध करण्याची वेळ आली. पूर्वजांपासून ज्या भूमीवर तो वसला, तेथे कागद दाखविण्याची पाळी त्याच्यावर आली, ती दोन पाहुण्यांच्या खोटेपणामुळे. न्यायालयाने दंड आकारला तो अलग न राहण्याबद्दल. विश्वास मोडल्याबद्दल दंड आकारणारे कलम त्या कायद्यात नव्हते.

देवीच्या लसीपासून करोनाच्या लसीपर्यंतचा हा सारा इतिहास एका वाक्यात सांगावयाचा, तर लस शोधणे हे शास्त्राचे काम आहे, आणि ती कोठवर पोचवावयाची हे समाजाचे. पहिले काम जेन्नरने १७९६ सालीच करून ठेवले होते; तरी मांडन लोक १८३७ साली मेले. दुसरे काम कायद्याने सुरू होते, पथकांनी पुढे जाते, आणि अखेरीस पूर्ण होते ते सामान्य माणसाच्या एका साध्या वर्तनाने: आपली पाळी नसेल तेव्हा तो मुकाट्याने थांबतो. त्या थांबण्याला कोणी पदक देत नाही, पुतळा उभारीत नाही. परंतु २०२१ च्या हिवाळ्यात बीव्हर क्रीकमधील वृद्धांच्या दंडात जी सुई गेली, तिच्या मागे बर्फातून वाट काढणाऱ्या पथकाइतकेच हे लक्षावधी लोकांचे थांबणेही होते.